भविष्यातून आलेल्यांचे वर्तमानातील हेतू

भविष्यकाळातून परत आल्याचा दावा करणारा एखादा इसम वर्षा-दोन वर्षांनी इंटरनेटवर अवतीर्ण होतो. आपले जन्मसाल अद्याप उजाडलेलेच नाही असे तो सांगतो, येऊ घातलेली युद्धे, भूकंप आणि निवडणुकांचे निकाल तारीखवार जाहीर करतो, आणि लक्षावधी लोकांचे कुतूहल चाळवून नाहीसा होतो. सुशिक्षित माणूस या प्रकाराकडे करमणूक म्हणून पाहतो व पुढे जातो. तसे करण्यात वावगे काही नाही. या थापा खऱ्या की खोट्या हा प्रश्न मुळात फारसा कठीण नाही. सांगितलेली तारीख उलटली की त्याचे उत्तर आपोआप मिळते. अधिक विचार करण्याजोगा प्रश्न निराळा आहे. माणसे असे बनाव का रचतात आणि त्यातून कोणाचे काय साधते? या प्रश्नाचा माग काढू लागले की अमेरिकेतील एका निनावी लेखकापासून निघालेली वाट थेट अहिल्यानगर जिल्ह्यात, शेवगावच्या ठेवीदाराच्या दारापर्यंत येऊन पोहोचते.

टायटरचे प्रकरण

या प्रकारातील सर्वांत गाजलेले प्रकरण जॉन टायटर या नावाचे. २००० सालच्या अखेरीपासून २००१ च्या मार्चपर्यंत या नावाने कोणीतरी इंटरनेटवर लिहीत होते. आपण २०३६ सालचे सैनिक आहोत, १९७५ सालात जाऊन आयबीएम ५१०० या जातीचा संगणक आणण्याची कामगिरी आपल्यावर सोपविलेली आहे आणि परतीच्या वाटेवर आपण येथे थांबलो आहोत, अशी ती कथा होती. या संगणकाच्या अंगी एक गुण असा होता की जुन्या मोठ्या संगणकांसाठी लिहिलेल्या आज्ञावल्या तो चालवू शके. ही गोष्ट खरी होती, पण ती फारच थोड्यांना ठाऊक होती. एवढा एक खरा दाणा पेरल्यावर त्याभोवती वाटेल तेवढे तण उगवू शकले.

टायटरची भाकिते मात्र एकामागून एक कोसळली. अमेरिकेत २००४ च्या निवडणुकीपासून यादवी माजेल असे त्याने लिहिले होते. ती माजली नाही. २००४ नंतर ऑलिंपिक सामने भरणार नाहीत असे त्याचे म्हणणे होते. २००८ मध्ये ते बीजिंगला थाटात पार पडले. २०१५ साली अणुयुद्ध होणार होते. तेही सुदैवाने झाले नाही. पण पळवाट त्याने आधीच करून ठेवलेली होती. विश्वे अनेक आहेत, तेव्हा आपल्या विश्वात जे घडले ते तुमच्या विश्वात घडेलच असे नाही, असा त्याचा खुलासा होता. आपल्याकडील ज्योतिषी भाकीत चुकले की जन्मवेळ चुकीची होती म्हणतो. दोन्ही युक्तिवादांचा सांगाडा एकच. दावा असा करावा की खरा ठरल्यास श्रेय पदरात पडावे आणि खोटा ठरल्यास दोष दुसऱ्याच्या माथी जावा.

कालप्रवासाची कल्पना विज्ञानाला सर्वस्वी परकी नाही, हेही येथे नोंदले पाहिजे. वेगाने जाणाऱ्या घड्याळाची गती मंदावते, हे आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये दाखविले. पुढे गुरुत्वाकर्षणाचाही काळावर परिणाम होतो हे सिद्ध झाले. भ्रमणध्वनीला रस्ता दाखविणाऱ्या उपग्रहांवरील घड्याळे या दोन कारणांमुळे पृथ्वीवरील घड्याळांपेक्षा दररोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही तर रस्ता चुकतो. अंतराळात ८०० हून अधिक दिवस काढलेले रशियन अंतराळवीर सर्गेई क्रिकाल्योव हे या हिशेबाने सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतके भविष्यात गेले. मनुष्याचा खरा कालप्रवास आजवर झाला तो एवढाच. मागे, म्हणजे भूतकाळात, कोणी गेल्याचा पुरावा नाही. स्टीफन हॉकिंग यांनी २८ जून २००९ रोजी केंब्रिजमध्ये कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि निमंत्रणे मेजवानी उरकल्यावर जाहीर केली. कोणीही आले नाही. विज्ञानातील या थोड्याशा सत्याची झूल पांघरूनच बनाव बाजारात येतो, म्हणून तो साध्या भूतकथेपेक्षा सुशिक्षितांना अधिक भुरळ घालतो.

खेळ, प्रसिद्धी आणि पैसा

बनाव रचणाऱ्यांच्या हेतूंत पहिला क्रम खेळकरपणाचा लावावा लागेल. कथा रचावी, ती खरी वाटावी आणि जाणत्या वाचकांनी तिच्याशी वाद घालावा यात एक निर्मितीचे सुख असते. टायटरचा आरंभ बहुधा असाच झाला असावा. पण खेळ फार काळ खेळ राहत नाही. २००३ मध्ये टायटरच्या लेखनाचे पुस्तक निघाले आणि त्याच्या नावाची एक संस्थाही नोंदली गेली. भविष्यातून आलेल्या पाहुण्याचा वर्तमानकाळात व्यवहार सुरू झाला.

कधी कधी तर लबाड माणसाचीही गरज पडत नाही. अमेरिकन लेखक जॅक फिनी यांची एक कथा १९५१ मध्ये 'कॉलियर्स' साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. एकोणिसाव्या शतकातील पोशाख घातलेला एक गृहस्थ न्यूयॉर्कच्या भर चौकात अचानक प्रकट होतो आणि वाहनाखाली सापडतो. त्याच्या खिशात जुनी नाणी व कागद मिळतात, असा तीतील एक प्रसंग. पुढे लेखकाचे नाव गळाले आणि तो प्रसंग सत्यघटना म्हणून नियतकालिकांतून व पुस्तकांतून वर्षानुवर्षे छापला जात राहिला. प्रत्येकाने केवळ ऐकलेले पुढे सांगितले. कंडी पिकते ती अशी. एकटा कोणी ती पिकवीत नाही.

दुसरा हेतू प्रसिद्धीचा. चार्ली चॅप्लिन यांच्या १९२८ सालच्या 'द सर्कस' या चित्रपटाच्या पहिल्या खेळाप्रसंगीच्या चित्रीकरणात एक बाई कानाशी हात धरून बोलत चाललेली दिसते. २०१० मध्ये एका चित्रपटकाराने ती कालप्रवासी असून तिच्या हाती भ्रमणध्वनी असल्याची शंका जाहीर केली आणि ती चित्रफीत जगभर पाहिली गेली. त्या काळी कमी ऐकू येणाऱ्यांसाठी हातात धरावयाची श्रवणयंत्रे मिळत असत, हा साधा खुलासा लगेच पुढे आला. १९२८ मध्ये मनोरे नव्हते आणि पलीकडून बोलणारेही कोणी असणे शक्य नव्हते, हे तर शाळकरी मुलालाही सुचावे. पण खुलासा पाहणारे नेहमीच थोडे असतात. आज समाजमाध्यमांवर प्रेक्षकांच्या संख्येवर जाहिरातीचे पैसे मिळतात. तेव्हा प्रसिद्धी आणि पैसा हे दोन हेतू आता वेगळे काढणे कठीण झाले आहे. भाकीत खरे ठरण्याची गरजच उरलेली नाही. ते पाहिले गेले की काम झाले.

तिसरा हेतू उघड पैशाचा. कपोलकल्पित बातम्यांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या 'वीकली वर्ल्ड न्यूज' या अमेरिकन साप्ताहिकाने २००३ मध्ये एक वृत्त दिले. शेअर बाजारात ८०० डॉलर घालून दोन आठवड्यांत १२६ व्यवहारांतून ३५ कोटी डॉलर मिळविणाऱ्या एका इसमाला अटक झाली असून आपण २२५६ सालातून आल्याची कबुली त्याने दिली आहे, असे ते वृत्त होते. साप्ताहिकाचा लौकिक ठाऊक नसलेल्यांनी ते खरे मानून जगभर पसरविले. या बनावाचे मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. हा कालप्रवासी युद्धाची वार्ता किंवा नवे औषध घेऊन आला नाही. तो उद्याचे बाजारभाव घेऊन आला. सामान्य माणसाला भविष्याकडून नेमके काय हवे असते, हे बातमी रचणाऱ्याने अचूक ओळखले होते.

अभिमानाचा मोह

भविष्यातून माणूस आणावा तसे भविष्य उचलून भूतकाळातही नेता येते. या प्रकारात महाराष्ट्र मागे नाही. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे विमान उडविले आणि न्यायमूर्ती रानडे व सयाजीराव महाराज गायकवाड यांनी ते पाहिले, ही कथा मराठी घरांतून अभिमानाने सांगितली जाते. राइट बंधूंच्या आठ वर्षे आधीची ही घटना तत्कालीन पुराव्याने सिद्ध झालेली नाही. तिच्या पाठीशी उभा केला जाणारा 'वैमानिकशास्त्र' हा ग्रंथ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासला. तो विसाव्या शतकाच्या आरंभी रचला गेला असून त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तरीही २०१५ च्या जानेवारीत मुंबईस भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवरील निबंध वाचला गेला.

तळपदे हे संस्कृत जाणणारे, विमानाच्या विचाराने झपाटलेले गृहस्थ होते; त्यांच्या धडपडीची टिंगल करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्यांच्यामागे ही कथा फुगवीत नेणाऱ्यांचा. येथे कोणाला पैसा नको होता. पारतंत्र्यात दुखावलेल्या मनाला 'आमच्याकडे हे आधीच होते' या वाक्याचा आधार हवा होता. हा हेतू लोभापेक्षा उदात्त दिसतो, म्हणूनच तो अधिक अवघड. पैशासाठी केलेली थाप उघडकीस आली की लोक संतापतात. अभिमानासाठी केलेली थाप उघड करणाऱ्यावरच संतापतात.

याच ठिकाणी एका निराळ्या, निर्मळ बनावाची आठवण करणे उचित होईल. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ मध्ये घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. कृष्णविवराजवळ काळाची गती मंदावते, या तत्त्वावर ती बेतलेली होती. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ती डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांची कथा होती. आपल्या नावाचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेतले आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली. पुढे 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत त्यांनी एका इतिहासाच्या प्राध्यापकाला मराठे पानिपत जिंकल्याच्या जगात फिरवून आणले. काळाशी एवढे खेळूनही वाचकाची फसवणूक कोठेच झाली नाही. कथा ही कथा म्हणूनच पुढे आली. नाव खोटे घेतले तेही प्रतिष्ठेचा लाभ टाळण्यासाठी. बनाव रचणारा नेमके उलट करतो. तो कल्पिताला सत्याचे नाव देतो आणि त्याचा लाभ स्वतःकडे ओढतो. दोहोंमधील अंतर कल्पनाशक्तीचे नाही, हेतूचे आहे.

ऐकणाऱ्याचा हेतू

आतापर्यंतचा विचार सांगणाऱ्यांचा झाला. पण गिऱ्हाईक नसेल तर दुकान चालत नाही. १९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रहीच्या धास्तीने देशभर यज्ञयाग झाले. तेव्हा इंटरनेट नव्हते. २०२५ मध्ये एका जपानी चित्रकथाकर्तीच्या स्वप्नाचा हवाला देऊन जुलैत जपानवर महासंकट येणार, अशी आवई उठली. हाँगकाँगहून जपानला जाणाऱ्या प्रवाशांची संख्या इतकी घटली की विमान कंपन्यांनी काही उड्डाणे कमी केली. जुलै आला आणि गेला. साधने बदलली, त्रेसष्ट वर्षे लोटली, पण ग्राहक तोच राहिला. उद्याच्या अनिश्चिततेचे ओझे त्याला सोसत नाही. ते ओझे कोणी उतरवून घेतो म्हटले की त्या मोबदल्यात तो विश्वास देतो, आणि विश्वासाच्या पाठोपाठ पैसाही देतो.

अहिल्यानगर जिल्ह्याला, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरला, या अनिश्चिततेची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत मोडतो. उत्तरेस प्रवरेच्या पाटपाण्यावर ऊस उभा असतो, तर पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेडकडे मृगाचा पाऊस हुकला की वर्षाचे गणित बिघडते. कापूस निघेल काय, भाव मिळेल काय, मुलाला नोकरी लागेल काय, हे प्रश्न ज्या घरात रोज विचारले जातात त्या घराला 'उद्या काय होणार हे मला ठाऊक आहे' असे ठामपणे सांगणारा माणूस हवाच असतो.

तो माणूस आला, पण यानातून उतरला नाही. २०२४ मध्ये शेवगाव तालुक्यात शेअर बाजारातील गुंतवणुकीवर दरमहा भरघोस परतावा देण्याच्या आमिषाने लोकांकडून रकमा गोळा करणारे अनेक जण कार्यालये बंद करून पसार झाले. पोलिसांत गुन्हे नोंदले गेले. शेतकरी, नोकरदार, निवृत्त माणसे यांची आयुष्याची पुंजी त्यात अडकली. ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे आणि मालमत्ता जप्त करण्याची तरतूद त्यात आहे. पण कायदा घटनेनंतर येतो, आणि तोवर पैसा दहा हातांतून गेलेला असतो.

या मंडळींनी आपण बाविसाव्या शतकातून आल्याचे अर्थातच सांगितले नाही. परंतु त्यांच्या दाव्याचे पृथक्करण केले तर काय उरते? बाजार उद्या वर जाणार की खाली, हे कोणालाही ठाऊक नसते. दरमहा ठरावीक नफ्याची हमी जो देतो, तो उद्याचा भाव आजच पाहून आल्याचा दावा करीत असतो. अमेरिकेतील साप्ताहिकाचा ८०० डॉलरवाला कालप्रवासी आणि शेवगावचा हमीदार यांच्यात फरक एवढाच की पहिल्याने वाचकाचा फार तर अर्धा तास घेतला आणि दुसऱ्याने मुलीच्या लग्नाचे पैसे नेले. साधे गणित केले असते तरी संकट ओळखू आले असते. दरमहा दहा टक्के चक्रवाढीने एक लाख रुपयांचे दोन वर्षांत पावणेदहा लाखांहून अधिक आणि सहा वर्षांत साडेनऊ कोटींहून अधिक होतात. ज्याला असा व्यापार खरोखर साधला आहे, त्याला शेवगावच्या शिक्षकाच्या लाखभर रुपयांची गरज काय? हा प्रश्न विचारला गेला नाही, कारण पहिल्या काही महिन्यांत शेजाऱ्याच्या खात्यात पैसे जमा झाले होते. टायटरच्या संगणकासारखाच तो एक खरा दाणा होता.

मोजणे आणि भुलणे

उद्याची चाहूल घेण्याचा एक प्रामाणिक मार्गही याच जिल्ह्याने दाखविला आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव १९९० च्या सुमारापासून पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने पाण्याच्या कामाला लागले. डोंगरउतारावर चर खणले गेले, झाडे लावली गेली आणि कुऱ्हाडबंदी पाळली गेली. पुढे गावाने पाण्याचा ताळेबंद मांडण्याची शिस्त लावून घेतली. पाऊस किती झाला, जमिनीत किती मुरला हे मोजावयाचे आणि त्यावरून यंदा कोणते पीक घ्यावयाचे हे ठरवावयाचे. यात भाकीत नाही, चमत्कार नाही. आकडे मात्र आहेत. पाऊस कमी झाला तर ऊस नाही, एवढे अप्रिय सत्य ऐकण्याची तयारीही आहे. बनाव सांगणारा माणूस ऐकणाऱ्याला आवडेल तेच सांगतो. मोजमाप तशी भीडभाड ठेवीत नाही.

ज्योतिषाच्या बाबतीतही असे मोजमाप झालेले आहे. डॉ. नारळीकर यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सहकार्याने २००८ मध्ये चाचणी घेतली. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या पत्रिका एकत्र करून प्रत्येक ज्योतिष्याला चाळीस पत्रिका दिल्या आणि कोणती कोणाची हे ओळखावयास सांगितले. २७ ज्योतिष्यांच्या उत्तरांचे सरासरी यश ४६ टक्के भरले. नाणे उडविले असते तरी पन्नासच्या आसपास यश मिळाले असते. भविष्याचा दावा तपासण्याची रीत इतकी सोपी आहे. अडचण येते ती तपासण्याच्या इच्छेची.

काळावर मात केल्याच्या कीर्तीचे मोल किती, याचा निवाडा या मातीत फार पूर्वीच होऊन गेला आहे. जिल्ह्यातील राहाता तालुक्यात गोदाकाठी पुणतांबे आहे. २०१७ च्या शेतकरी संपाचे गाव म्हणून ते अलीकडे सर्वांना ठाऊक झाले. त्याआधी शतकानुशतके ते चांगदेवांचे गाव म्हणून ओळखले जाई. योगबळाने मृत्यूला हुलकावणी देत चांगदेव चौदाशे वर्षे जगले, अशी आख्यायिका आहे. ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून त्यांना पत्र लिहावयास ते बसले. वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावे, की ज्ञानाने थोर म्हणून 'तीर्थरूप' लिहावे, हा पेच सुटेना; म्हणून त्यांनी कोराच कागद धाडला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाल्या की चौदाशे वर्षे जगूनही चांगदेव कोरेच राहिले. ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या कागदाच्या उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहून पाठविल्या, आणि पुढे चांगदेवांनी त्या लहान वयाच्या मुक्ताबाईंना गुरू मानले. आख्यायिकेतील आकडा कोणी शब्दशः घेवो वा न घेवो, लोकमानसाने त्या कथेतून जे जपले ते स्पष्ट आहे. काळाला चकविणाऱ्याला मोठेपण मिळाले नाही. कोरेपण ओळखणाऱ्या मुलीला मिळाले, आणि ते कबूल करणाऱ्या वृद्धालाही.

आज भ्रमणध्वनीवर रोज येणाऱ्या भविष्यवाण्यांच्या बाबतीत मुक्ताबाईंची ती नजर शिक्षकांनी वर्गात आणि कारकुनांनी कचेरीत वापरावयास हवी. त्यासाठी भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. हे सांगणाऱ्याला आपल्याकडून काय हवे आहे? ते खोटे ठरल्यास त्याचे काय जाईल आणि आपले काय जाईल? आणि हे खरे असावे असे आपल्याला इतके का वाटते? पहिले दोन प्रश्न सांगणाऱ्याचा हेतू उघडा पाडतात. तिसरा प्रश्न विचारणे अधिक कठीण, कारण त्याचे उत्तर स्वतःच्याच घरात शोधावे लागते. पण शेवगावात ज्यांची पुंजी बुडाली त्यांच्यापुरता विचार केला, तर पैसे हातचे जाण्याआधी विचारावयाचा प्रश्न तोच होता.